नाळ कोणी कापली

कुंभकोणमहून उत्तरेला अणैकरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर चोळपुरम् लागतं. नाव ऐकून लोक राजेंद्र चोळाच्या राजधानीशी गल्लत करतात. ते गंगैकोंड चोळपुरम् कोळ्ळिडम नदीच्या पलीकडे आहे. हे गाव लहान. भाताची खाचरं, विड्याच्या पानांचे मळे आणि दिवसभर हॉर्न वाजवत जाणाऱ्या चेन्नईच्या बसगाड्या. माझे मामेसासरे इथे राहतात. वय सत्त्याहत्तर. सरकारी नोकरीत प्रसूतितज्ज्ञ म्हणून त्यांनी सारी हयात काढली. घरची भाषा तंजावरी मराठी, बाहेरची तमिळ. गावात त्यांना ‘रायर डॉक्टर’ म्हणतात. त्यांच्या मराठीची वळणं मला लिहिता येत नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं इथे माझ्या मराठीत उतरवलं आहे.

मी नागपूरची. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते आणि 1956 च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवरच्या गर्दीत होते. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे समाजवैद्यक, शिकवते. माझं लग्न या देशस्थ घरात झालं तेव्हा बरंच रणकंदन झालं होतं. त्या वेळी ओट्यावर स्वतःच्या शेजारी बसवून ज्यांनी पहिली कॉफी दिली ते हे मामा. त्यांच्याशी भांडताना मला शब्द जपून वापरावे लागत नाहीत.

या खेपेला पिशवीत एका तासाचं टिपण होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी, वैद्यकीय शिक्षणातल्या जातिभेदावर. मामांनी ते चष्मा वर सरकवून वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात परत ठेवलं.

“हा तास घेऊ नकोस.”

“का?”

“सतरा-अठरा वर्षांची पोरं. पहिल्यांदा प्रेत बघणार, घर सोडून पहिल्यांदा वसतिगृहात झोपणार. त्यांना आल्या आल्या सांगणार, तू या बाजूचा, तो त्या बाजूचा? रोगाला जात नसते, हे त्यांना आधी शिकू दे. शिकव त्यांना पंडुरोग, शिकव प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. हात तयार झाला की माणूस आपोआप तयार होतो.”

“रोगाला जात नसते, पण डॉक्टरला असते, मामा. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतीण होती, ताप चढला. डॉक्टर मिनतवाऱ्यांनी आला, पण घरात शिरला नाही. त्यानं थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत येताना तसंच, उलट्या वाटेनं. डॉक्टरनं लांबूनच दिव्याच्या उजेडात पारा वाचला, न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. बाई गेली. 1929 सालच्या ‘यंग इंडिया’त त्या शिक्षकाचं पत्र छापून आलं होतं. त्या डॉक्टरला न्यूमोनिया ओळखता येत होता, मामा. शिक्षण पुरं झालेलं होतं त्याचं.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ती गोष्ट मला तू लग्नाच्या वर्षीही सांगितली होतीस. मी विसरलो नाही. पण त्या डॉक्टरला कोणी तास घेऊन सुधारलं असतं का? नसतं. त्याच्या वर्गात त्या शिक्षकाचा भाऊ बसला असता, तर कदाचित सुधारला असता. मी म्हणतो ते हे. जागा दे. बाकी सगळं जागेमागून येतं.”

मामांचा हा मुद्दा टाळून पुढे जाता येत नाही, कारण तो त्यांनी स्वतःच्या घराविरुद्ध जाऊन कमावलेला आहे. मद्रास इलाख्यात 1920 च्या दशकापासून जातवार वाटणीचा सरकारी हुकूम होता, कम्युनल जी.ओ. त्याच्या अखेरच्या रूपात दर चौदा जागांमागे सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन मागास हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, दोन हरिजनांना, एक ख्रिस्ती व अँग्लो-इंडियनांना, एक मुसलमानांना. मामांच्या लहानपणी हे गणित घरात पाढ्यासारखं म्हटलं जाई, आणि दर वेळी शेवटी उसासा असे. 1951 साली चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. वाद मेडिकलच्याच जागांवरून पेटला होता. त्याच वर्षी घटनेत पहिली दुरुस्ती होऊन मागासवर्गीयांसाठी वाट पुन्हा उघडली.

“माझे वडील त्या निकालाच्या दिवशी देवळात गेले होते,” मामा म्हणाले. “आणि दुरुस्ती झाली त्या दिवशी जेवले नाहीत. मी त्या घरात वाढलो. पण पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना काय दिसलं? ज्यांच्या घरात पहिल्यांदा डॉक्टर झाला होता, ती मुलं गावात टिकत होती. आमची मद्रासला पळत होती, तिथून परदेशात. आज या राज्यात 69 टक्के आरक्षण आहे आणि इथल्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला जायला बाई घाबरत नाही. तुझ्या महाराष्ट्राला हे शिकण्यासारखं आहे. इथे आडनावसुद्धा नाही कोणाला. 1929 साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत ठराव झाला, जातीची शेपटी काढा. काढली. दवाखान्याच्या पाटीवर इनिशियल आणि नाव. तुमच्याकडे पाटी वाचली की कुळ कळतं.”

“मग इथे काय विचारतात? ‘ऊर कुठलं?’ आणि ऊर सांगितलं की, ‘कुठली गल्ली?’”

मामांनी नाकारलं नाही. या खोऱ्यातल्या खेड्यांत आजही ‘ऊर’, म्हणजे सवर्णांचं गाव, वेगळं आणि दलितांची ‘चेरी’ वेगळी, मधे वावरभर अंतर. पत्ता नीट विचारला की आडनावाची गरज उरत नाही.

“आणि जागेचं म्हणाल,” मी म्हटलं, “तर जागा तुमच्या डोळ्यांदेखत हलली. कोळ्ळिडम ओलांडली की अरियलूर जिल्हा. तिथल्या कुळुमूरची अनिता. हमालाची मुलगी. बारावीला 1200 पैकी 1176. जुन्या पद्धतीनं ती डॉक्टर झाली असती. ‘नीट’ ही देशभराची प्रवेशपरीक्षा सक्तीची झाली, अनिता सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, हरली, आणि 1 सप्टेंबर 2017 ला तिनं जीव दिला.”

“म्हणूनच तर सांगतो,” मामांचा आवाज चढला. “त्यावर उपाय काय निघाला? तास? नाही. 2020 साली कायदा झाला, सरकारी शाळेतल्या मुलांना मेडिकलच्या साडेसात टक्के जागा. दर वर्षी बातमी येते, कुठल्या गवंड्याची पोर लागली, कुठल्या मेंढपाळाचा मुलगा लागला. जागा, पोरी, जागा.”

“पायलला जागा मिळाली होती.”

हे नाव मी फार पुढे काढणार होते. तोंडातून निघून गेलं.

डॉ. पायल तडवी. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली, सव्वीस वर्षांची. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस. 2018 साली मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विषयात पीजीला लागली, मामांच्याच विषयात. 22 मे 2019 ला तिनं वसतिगृहाच्या खोलीत आयुष्य संपवलं. तिच्या वरच्या वर्षांतल्या तीन महिला डॉक्टरांना अटक झाली. आरोप न्यायालयापुढे आहेत, त्यांचा निवाडा तिथेच व्हायचा. पण घरच्यांनी जे सांगितलं त्यातली एक गोष्ट मी गेली कित्येक वर्षं डोक्यात घेऊन फिरते आहे. टोमणे, जातीवरून बोलणं, हे तर होतंच असं ते म्हणाले. त्याच्या जोडीला हेही म्हणाले, की तिला प्रसूती करू दिल्या जात नव्हत्या.

“मामा, तुम्ही सांगा. स्त्रीरोगाच्या पीजीला लेबर रूममध्ये हात लावू दिला नाही, तर तिला काय दिलं?”

“काही नाही,” ते लगेच म्हणाले. “कागद दिला.”

“म्हणजे जागा दिली आणि शिक्षण दिलं नाही. हे घडू शकतं. तुमच्या हिशेबात हे कुठे बसतं?”

त्यांनी पंचाच्या टोकानं चष्मा पुसला. “सीनियर छळतात. मलाही छळलं. छत्तीस छत्तीस तास ड्यूटी, सीनियरच्या घरचा भाजीपाला. त्याला आम्ही जात म्हणत नव्हतो. आजची मुलं मोडतात त्याला सतरा कारणं आहेत.”

“मोडतात खरी. पण छळ सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. दिल्लीच्या एम्समध्ये 2006 साली जातिभेदाच्या चौकशीला समिती नेमली, अध्यक्ष आपले सुखदेव थोरात, अमरावती जिल्ह्यातले. 2007 चा अहवाल. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांपैकी 69 टक्के म्हणाले, शिक्षकांकडून पुरेसं सहकार्य मिळत नाही. तोंडी परीक्षेत आपल्याला वेळ कमी दिला जातो, म्हणाले. वसतिगृहात ही मुलं हळूहळू वरच्या मजल्यांवर गोळा झाली होती, खालच्या मजल्यांवरचा त्रास सोसवेना म्हणून.”

“किती मुलांना विचारलं?”

“थोड्या. वर्गात होतीच थोडी.”

“मग टक्के कसले सांगतेस? संस्थेनं तो अहवाल मानला का?”

“प्रशासनानं नाही मानला.”

“बघ.” मामा जिंकल्यासारखे मागे टेकले नाहीत. त्यांना ते जमत नाही. “मला खोटं वाटतं असं नाही. पण डॉक्टरला पटवायचं तर आकडा पक्का लागतो.”

इथे मी हरले, आणि ते मान्य करायला हवं. थोड्या मुलांच्या सांगण्यावर टक्केवारी उभी करणं मी माझ्या विद्यार्थ्यालाही करू देणार नाही. पण ती मुलं थोडी का होती, हा प्रश्न त्या टक्केवारीच्या आधीचा आहे.

मामी दवरा-टंबलर घेऊन आल्या. कॉफी निवेपर्यंत मी मुद्दाम दुसरीकडून शिरले.

“अपगार स्कोअर कसा काढायचात, मामा?”

त्यांचा चेहरा उजळला. शिकवायची सवय. “नाडी, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्षेप आणि रंग. एक मिनिटाला, पाच मिनिटांना. अपगारबाईंनी 1953 साली छापलं.”

“रंगाला दोन गुण कधी?”

“सगळं अंग गुलाबी असेल तर.”

“तंजावर जिल्ह्यात सगळं अंग गुलाबी झालेली किती बाळं पाहिलीत?”

ते हसले. “आम्ही ओठ बघायचो. जीभ, तळहात, तळपाय. पुस्तकात नव्हतं ते. मला एका म्हाताऱ्या नर्सनं शिकवलं. काळ्यासावळ्या अंगावर निळेपणा कातडीत शोधायचा नाही, तोंडात शोधायचा. काविळीसाठी हिरड्या बघायच्या, पंडुरोगासाठी पापणी उलटायची.”

“म्हणजे पुस्तकातला माणूस गोरा होता.”

“होताच. त्वचारोगांच्या पुस्तकातली सगळी चित्रं गोऱ्यांची. इथे तो पुरळ लाल दिसतच नाही, जांभळट दिसतो, कधी नुसता गडद. ही चूक दुरुस्त करायलाच हवी. याचा तास घे, मी स्वतः येतो शिकवायला.”

मी त्यांना डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत छापलेला अभ्यास सांगितला. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात धोक्याइतका उतरलेला, असं गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के वेळा निघालं आणि काळ्या रुग्णांत 11.7 टक्के वेळा. कोविडच्या दोन वर्षांत आपल्या आशाताईंनी तेच यंत्र दारोदार नेलं. लंडनच्या सेंट जॉर्जेसमध्ये मलोन मुकवेंडे नावाच्या काळ्या विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला, हे लक्षण माझ्यासारख्याच्या अंगावर कसं दिसेल? आणि 2020 साली शिक्षकांना बरोबर घेऊन गडद कातडीवरच्या लक्षणांची पुस्तिका काढली.

“सरफोजीराजांनी हेच केलं होतं,” मामा सरसावून बसले. तंजावरच्या मराठ्यांना सरफोजींचा विषय निघाला की धीर धरवत नाही, आणि तो अभिमान मला आवडतो. “मोतीबिंदू काढायचे, आणि रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढून घ्यायचे. सरस्वती महालात आहेत अजून. इथल्या माणसांचे डोळे, इथल्या चित्रकारानं रंगवलेले. विलायती पुस्तकं त्यांच्या कपाटात भरपूर होती, पण नोंद इथल्या डोळ्याची ठेवली.”

“मामा, एक गंमत नाही वाटत? यंत्र चुकतं म्हटलं, तुम्ही एका क्षणात मानलंत. पुस्तक चुकतं म्हटलं, तुम्ही स्वतः चार उदाहरणं दिलीत. शिकवणारा हात चुकतो म्हटलं, की तुम्हाला पक्का आकडा हवा.”

ते काही बोलले नाहीत. रस्त्यावरून एक बस गेली, मग दुसरी.

“1968 च्या डिसेंबरात,” शेवटी ते म्हणाले, “मी दुसऱ्या वर्षाला होतो. कीळवेण्मणि याच जिल्ह्यात होतं तेव्हा. मजुरीत वाढ मागणाऱ्या दलित मजुरांची वस्ती. नाताळच्या रात्री चव्वेचाळीस माणसं एका झोपडीत जाळली, बायका आणि मुलंच जास्त. पेपरात आलं. दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजीचा तास होता. भाजलेल्या ऊतीत काय बदल होतात हे त्याच आठवड्यात शिकलो. वर्गात कोणी एक शब्द काढला नाही. सरांनी नाही, आम्ही नाही. आमच्यात चेरीतून आलेली तीन मुलं होती. ती कुठे बसली होती, ते आठवत नाही मला. आज पहिल्यांदा आठवून बघितलं.”

मी माझी गोष्ट सांगितली. तोंडी परीक्षा, बाहेरून आलेले परीक्षक. माझ्या आधीच्या मुलाला केस विचारली. मला पहिला प्रश्न, “प्रवेशाची रँक किती होती तुझी?” रँक विचारली की जात विचारावी लागत नाही. मी आकडा सांगितला. ते शेजारच्यांकडे बघून हसले आणि म्हणाले, “ठीक आहे, सोपं विचारतो.” मला केस येत होती. पूर्ण येत होती. सोपा प्रश्न विचारून त्यांनी मला पास केलं, आणि मला काय येतं ते कुणालाही कळू दिलं नाही. वसतिगृहात ‘सरकारचे जावई’ हा शब्द रोज कानावर यायचा, त्याला उत्तर देता येई. त्या सोप्या प्रश्नाला उत्तर देऊनही उत्तर झालं नाही.

मामींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या कधी आत गेल्या नव्हत्याच.

“तुझ्या तासात हे सांगणार?” मामांनी विचारलं.

“नाही. हे सांगून काय होतं? मुलं हळहळतात, ज्यांनी हळहळायचं ते. बाकीची मोबाइल बघतात. तुमचं अर्धं खरं आहे, नुसत्या तासानं होणार नाही. 2012 सालीच यूजीसीनं समतेचे नियम केले होते, कॉलेजाकॉलेजांत अधिकारी नेमायचे होते. पायल 2019 ला गेली. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात जीव दिलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका, दोघी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, ते नियम खरोखर पाळले जावेत म्हणून. लेकरं गमावलेल्या दोन बायांना ते मागायला जावं लागलं. म्हणून मला मोजायचंय.”

“काय मोजणार?”

“लॉगबुकं. प्रत्येक पीजीनं किती प्रसूती स्वतः केल्या, किती सिझेरियनमध्ये पहिला हात होता, कितींत नुसती हूक धरून उभी होती. प्रवर्गाप्रमाणे मांडायचं, दर सहा महिन्यांनी, आणि युनिटप्रमुखासमोर ठेवायचं. पक्का आकडा तुम्हीच मागितलात.”

“काम हात बघून देतात,” मामा जरा तीव्रपणे म्हणाले. “रात्री दोन वाजता बाळाचे ठोके उतरलेत, तेव्हा मी प्रवर्ग बघू? ज्याचा हात स्थिर, त्याला कात्री. आईचा जीव असतो तिथे.”

“आणि हात स्थिर कशानं होतो?”

“करून.”

“पहिल्या महिन्यात तर कुणाचाच स्थिर नसतो. तेव्हा कुणाला देता?”

या प्रश्नावर ते इतका वेळ थांबले, की आपण फार बोललो असं मला वाटू लागलं.

“जो पुढे येतो त्याला,” ते म्हणाले. “जो विचारतो, सर मी करू का? त्याला.”

“कोण विचारतो, मामा?”

ते उठले. आत गेले, लोखंडी कपाटाचं दार करकरलं. हॉस्पिटलचं रजिस्टर हॉस्पिटलात राहतं, पण मामांनी आपल्या युनिटच्या खासगी वह्या लिहिल्या होत्या, शिकवण्यासाठी. तारीख, आईचं वय, कितवी खेप, बाळाचं वजन, अपगार, आणि शेवटच्या रकान्यात प्रसूती कोणी केली त्याची आद्याक्षरं. लांब कापडी बांधणीच्या सहा वह्या. त्यांनी त्यातली मधली एक काढली, ओट्यावरच्या दिव्याखाली उघडली, आणि मला कागद-पेन्सिल आणायला सांगितलं.

मी रेघा मारत गेले, ते आद्याक्षरं वाचत गेले. त्या वर्षी हाताखाली पाच जण. जुलै. ऑगस्ट. सप्टेंबर. चार जणांच्या रेघांच्या जुड्या वाढत गेल्या. पाचव्या नावापुढे जुलैत दोन, ऑगस्टात एक. सप्टेंबर कोरा.

“शांत मुलगी होती,” मामा म्हणाले. “कोळ्ळिडमकाठची. राऊंडला सगळ्यांच्या मागे उभी राहायची. मला वाटायचं, हिला या विषयात रस नाही. मी तसं म्हणालोही होतो एकदा, सगळ्यांसमोर.”

मामींनी आतून जेवायला हाक मारली. मामांनी पान उलटलं.

“ऑक्टोबर,” ते म्हणाले. “लिही.”